मन, मोजमाप आणि संख्याशास्त्र : प्रस्तावना

मानसशास्त्राला जे मोजायचे असते त्यातले बहुतेक डोळ्यांना दिसत नाही. उंची फुटपट्टीने मोजता येते, ताप थर्मामीटरने. चिंता, बुद्धी, एकटेपणा किंवा चिकाटी यांचा अंदाज मात्र माणसाच्या उत्तरांवरून आणि वागण्यावरून बांधावा लागतो. तो बांधताना तीन अडचणी येतात. पहिली, प्रत्येक मोजमापात चूक मिसळलेली असते. दुसरी, एकाच माणसाची अनेक मोजमापे एकमेकांत गुंतलेली असतात. तिसरी, माणसे सुटी नसतात; ती कुटुंबात, वर्गात, मोहल्ल्यात, गावात राहतात आणि एका छपराखालच्या माणसांत पुष्कळ गोष्टी सारख्या असतात. पदवीच्या वर्गात शिकवली जाणारी सरासरी, सहसंबंध, टी-चाचणी, काय-वर्ग ही साधने सहसा या अडचणी नाहीतच असे धरून वापरली जातात. प्रगत संख्याशास्त्राची सुरुवात त्या अडचणी मान्य करण्यापासून होते.

हा विषय सहसा उलट्या बाजूने शिकला जातो. पीएच.डी.चा विद्यार्थी प्रश्नावल्या भरून घेतो, आकडे एक्सेलमध्ये चढवतो आणि मग विचारतो, आता कोणती टेस्ट लावायची? तोवर उशीर झालेला असतो. माणसे कशी निवडली, एकाच घरातून किती घेतली, कितीदा मोजली, कोणत्या भाषेतल्या स्केलने मोजली आणि मध्येच कोण गळाले, यावर पद्धत ठरते. प्रत्येक प्रगत पद्धत ही मुळात माहिती कशी निर्माण झाली याविषयीचे एक विधान असते. ते विधान चुकले तर संगणक उत्तर देतोच, पण ते भलत्याच प्रश्नाचे असते.

मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे नाते जुने आहे. चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ साली शालेय विषयांतले आणि ज्ञानेंद्रियांच्या चाचण्यांतले गुण एकमेकांशी का जुळतात, याचे उत्तर म्हणून सर्वसामान्य बुद्धीचा घटक मांडला. घटक विश्लेषणाची ही सुरुवात. पुढे लुई थर्स्टन यांनी एका घटकाऐवजी अनेक प्राथमिक क्षमतांचे चित्र उभे केले. दोघांच्याही हातात सहसंबंधांचे तक्ते होते आणि निष्कर्ष वेगळे होते. आकडे आपण होऊन सिद्धान्त सांगत नाहीत, हा धडा तेव्हापासूनचा आहे. दुसरा प्रवाह शेतीच्या प्रयोगांतून आला. रोनाल्ड फिशर यांच्या १९२५ च्या पुस्तकाने विचरण विश्लेषण, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलण्यातला ‘एनोव्हा’, संशोधकांच्या हाती दिले. जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांनी १९३३ साली दोन परिकल्पनांपैकी एकीची निवड करण्याचे वेगळे तर्कशास्त्र मांडले. पाठ्यपुस्तकांनी या दोन विचारांची खिचडी केली आणि त्यातून पी-मूल्य ०.०५ च्या खाली आले की शोध लागला, अशी सवय रुजली. पी-मूल्य हे शून्य परिकल्पना खरी असण्याची संभाव्यता नव्हे, एवढी साधी गोष्ट आजही पुष्कळ प्रबंधांत चुकते.

ली क्रॉनबॅक यांनी १९५७ साली मानसशास्त्राच्या दोन शाखांकडे बोट दाखवले. एक शाखा प्रयोग करते आणि गटांच्या सरासरींची तुलना करते. दुसरी चाचण्या घेते आणि माणसामाणसांतला फरक अभ्यासते. पहिलीला जो फरक अडगळ वाटतो तोच दुसरीचा विषय असतो. त्यानंतरच्या बऱ्याच पद्धती या दोहोंना एका चौकटीत आणण्यासाठी घडल्या.

भारतात हे प्रश्न परदेशी पुस्तकांतून आयते आले असे नाही. कोलकाता विद्यापीठात १९१६ साली स्वतंत्र मानसशास्त्र विभाग सुरू झाला. त्याची धुरा वाहणारे नरेंद्रनाथ सेनगुप्त पुढे लखनौ विद्यापीठात आले. समाजशास्त्रज्ञ राधाकमल मुखर्जी यांच्यासोबत त्यांनी लिहिलेले सामाजिक मानसशास्त्राचे पाठ्यपुस्तक १९२८ साली प्रसिद्ध झाले. त्याच काळात व्ही. व्ही. कामत यांनी बिने चाचणीची मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या मुलांसाठी पुनर्रचना केली. ‘बॉम्बे-कर्नाटक’ या नावाने ती चाचणी दवाखान्यांत आणि शाळांत दीर्घकाळ वापरली गेली.

संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशात, अडचण निराळी होती. जिथे निरक्षर मुलांची संख्या मोठी, तिथे लेखी चाचणी बुद्धीपेक्षा शाळेत जाण्याची संधीच मोजणार. चंद्र मोहन भाटिया यांनी कृतिचाचण्यांचा संच बांधला, त्यात ठोकळ्यांची रचना, आकृत्या काढणे, चित्र जुळवणे अशी कामे ठेवली आणि साक्षर व निरक्षर मुलांसाठी मानके वेगळी दिली. त्यांचे पुस्तक १९५५ साली आले. वेगळी मानके देणे हा व्यवहारी उपाय होता. त्यामागचा प्रश्न आजच्या परिभाषेत मापन-समतुल्यतेचा आहे: दोन गटांत चाचणी एकच गोष्ट मोजते का? तपासणी पायऱ्यापायऱ्यांनी होते. दोन्ही गटांत घटकांची रचना सारखी आहे का, प्रत्येक प्रश्नाचा घटकाशी असलेला भार सारखा आहे का, आणि मुळातली क्षमता सारखी असताना गुणही सारखे पडतात का? तिसरी पायरी गाठल्याशिवाय दोन गटांच्या सरासरींची तुलना करण्याला आधार नसतो. हिंदी, उर्दू आणि अवधी बोलणारी माणसे एकाच जिल्ह्यात राहतात तिथे किंवा मराठी, गोंडी आणि कोरकू घरांतली मुले एकाच वर्गात बसतात तिथे ही तपासणी टाळता येत नाही.

दुसऱ्या अडचणीचे, म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या मोजमापांचे उत्तर शोधण्यात भारतीय संख्याशास्त्राचा वाटा मोठा आहे, आणि त्या कथेतले दोन टप्पे नागपूर आणि लखनौ आहेत. १९२० साली नागपूरला भरलेल्या विज्ञान परिषदेत प्रशांतचंद्र महालनोबिस यांची प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांच्याशी भेट झाली. अॅनंडेल यांनी कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन माणसांच्या शारीरिक मोजमापांचे विश्लेषण त्यांच्याकडे सोपवले. या कामातून वाढत गेलेला विचार १९३६ च्या लेखात ‘महालनोबिस अंतर’ म्हणून स्थिरावला. १९४१ साली संयुक्त प्रांतात मानवमितीचे सर्वेक्षण झाले. त्यातली मोजमापे लखनौ विद्यापीठातले मानवशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार यांची होती. महालनोबिस, मजुमदार आणि सी. आर. राव यांनी केलेला त्याचा संख्याशास्त्रीय अभ्यास १९४९ साली ‘सांख्य’ या नियतकालिकात छापून आला. जाती-जमातींची देहाच्या मापांवरून वर्गवारी करण्याचा तो काळ होता. ती वर्गवारी आता टिकत नाही, तिच्यामागच्या गृहीतकांवर टीका झालेली आहे आणि व्हायलाच हवी. अनेक परस्परसंबंधित मोजमापे एकत्र कशी तोलायची, हे त्यातले गणित मात्र कोणत्याही मोजमापांना लागू पडते.

उदाहरणार्थ, खिन्नता आणि चिंता या दोन स्केलवरच्या गुणांत ०.८ सहसंबंध आहे असे समजू. एका व्यक्तीचे दोन्ही गुण सरासरीपेक्षा दीड प्रमाण विचलनाने जास्त आहेत. दुसरीची खिन्नता दीड विचलनाने जास्त, पण चिंता दीड विचलनाने कमी आहे. एकेक स्केल सुटी पाहिली तर दोघी सरासरीपासून सारख्याच दूर आहेत आणि दोघींतही विशेष काही नाही. महालनोबिस अंतराचा वर्ग काढला तर पहिलीसाठी २.५ येतो, दुसरीसाठी २२.५. दोन मोजमापांसाठी हजारात एक या कसोटीची सीमारेषा १३.८ च्या आसपास असते. म्हणजे दुसरी व्यक्ती त्या समूहात फार विरळा आहे. तिने प्रश्न न वाचता खुणा केल्या असतील, आकडे भरताना चूक झाली असेल किंवा तिचे दुखणे खरोखरच वेगळे असेल. तिला वगळायचे की तिच्याकडे अधिक लक्ष द्यायचे, हे सूत्र सांगत नाही. थांबून पाहा, एवढेच सांगते. आज विसंगत नोंदी शोधण्यासाठी विद्यार्थी जो पर्याय एसपीएसएसमध्ये निवडतो तो हाच. मॅनोव्हाच्या, म्हणजे अनेक चलांच्या एकत्रित विचरण विश्लेषणाच्या निकालात विल्क्सच्या लॅम्डाशेजारी जे एफ-मूल्य छापले जाते, त्यामागेही राव यांनी दिलेले सूत्र असते.

तिसरी अडचण लखनौमध्येच नीट पाहता येते. किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजातले बी. बी. सेठी आणि सहकारी यांनी शहरातल्या ३०० कुटुंबांची पाहणी करून १९६७ साली तिचे निष्कर्ष मांडले. १,७३३ माणसांत मानसिक विकारांचे प्रमाण हजारी ७२.७ निघाले. १९७२ साली आलेल्या ५०० ग्रामीण कुटुंबांच्या पाहणीत २,६९१ माणसांत ते हजारी ३९.४ होते. पहिल्या पाहणीतली सर्व माणसे एकमेकांपासून स्वतंत्र मानली तर ७२.७ या आकड्याभोवतीचे ९५ टक्के विश्वासांतर साधारण ६० ते ८५ येते. पण ही माणसे कुटुंबाकुटुंबाने निवडलेली होती, दर कुटुंबात सरासरी पावणेसहा. एका घरातल्या माणसांतले साम्य दाखवणारा अंतर्गत सहसंबंध समजा केवळ ०.१ असला, तरी १,७३३ माणसांकडून मिळणारी माहिती सुमारे १,१७० स्वतंत्र माणसांइतकीच भरते आणि विश्वासांतर ५८ ते ८८ इतके रुंदावते. एका शाळेतली ४० मुले किंवा एका अंगणवाडीच्या कार्यक्षेत्रातली कुटुंबे घेतली तर हा परिणाम आणखी वाढतो. बहुस्तरीय प्रारूपे हा परिणाम दुरुस्त करतातच, शिवाय फरकातला किती भाग घरांमधला आणि किती घरातल्या माणसांमधला, हेही वेगळे करून दाखवतात.

शहर आणि खेडे यांतला फरक मात्र विश्वासांतर रुंदावूनही पुसला जात नाही. मग तो खरा म्हणावा का? त्याच सुमारास देशात झालेल्या पाहण्यांचे आकडे पाहिले तर घाई करू नये असे वाटते. पुदुच्चेरीच्या १९६४ च्या पाहणीत प्रमाण हजारी ९.५ होते, वेल्लोरच्या १९७३ च्या पाहणीत ६६.५. दोन गावांच्या मनःस्वास्थ्यात सातपट अंतर असण्यापेक्षा विकाराची व्याख्या, विचारण्याची पद्धत आणि घरात नेमके कोणाला विचारले, यांतला फरक अधिक संभवतो. अशा विखुरलेल्या निष्कर्षांचे एकत्रित विश्लेषण करण्याच्या पद्धतीला जीन ग्लास यांनी १९७६ साली मेटा-अॅनालिसिस हे नाव दिले. रेड्डी आणि चंद्रशेखर यांनी १९९८ साली १३ भारतीय पाहण्या एकत्र करून हजारी ५८.२ हा आकडा काढला. मेटा-अॅनालिसिसची खरी उपयुक्तता असा एक आकडा मिळण्यात नसून आकडे एकमेकांपासून का दुरावतात याचा छडा लावण्यात आहे.

या पायावर पुढे काही प्रमुख घराणी उभी राहिली. पहिले, अव्यक्त चलांचे. कार्ल योरेस्कोग यांनी १९६९ साली पुष्टीकारक घटक विश्लेषणाची पद्धत मांडली आणि पुढे संरचनात्मक समीकरणांची प्रारूपे ‘लिझरेल’ या प्रणालीसह प्रचारात आणली. पुष्टीकारक पद्धतीची गरज का होती, हे जे. पी. गिलफर्ड यांच्या बुद्धिरचनेच्या प्रतिमानावरून कळते. पुण्यात १९६२ साली स्थापन झालेल्या ज्ञानप्रबोधिनीच्या चाचण्यांमुळे हे प्रतिमान महाराष्ट्रात परिचयाचे आहे. गिलफर्ड यांच्या १२० क्षमतांच्या मांडणीला आधार देणारे घटक विश्लेषण अपेक्षित रचनेकडे अक्ष फिरवून केलेले होते. हॉर्न आणि नॅप यांनी १९७३ साली दाखवले की, त्याच रीतीने यदृच्छेने बनवलेल्या सिद्धान्तांनाही तितकाच आधार मिळू शकतो. चाचण्या शिक्षणात उपयोगी ठरणे वेगळे आणि त्यांच्यामागच्या सिद्धान्ताला पुरावा मिळणे वेगळे. पुष्टीकारक पद्धतीत प्रारूप आधी लिहावे लागते आणि ते खोटे ठरण्याची वाट मोकळी ठेवावी लागते.

दुसरे घराणे प्रश्न-प्रतिसाद सिद्धान्ताचे. जॉर्ज राश यांचे पुस्तक १९६० साली, फ्रेडरिक लॉर्ड आणि मेल्विन नोव्हिक यांचे १९६८ साली आले. एकूण गुणांऐवजी प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आणि व्यक्तीची क्षमता एकाच मापपट्टीवर मांडण्याची ही रीत. क्रॉनबॅकचा अल्फा ०.८ आला म्हणजे स्केल चांगली, या समजुतीवर ती चांगला उतारा ठरते; अल्फा मोठा असूनही स्केल दोन वेगळ्या गोष्टी मोजत असू शकते. तिसरे घराणे बहुस्तरीय आणि दीर्घकालीन प्रारूपांचे. चौथे, बेझियन विचाराचे. हॅरोल्ड जेफ्रीज यांनी १९३९ च्या ग्रंथात मांडलेला बेझ-घटक दोन परिकल्पनांपैकी पुरावा कोणाकडे आणि किती झुकतो, हे सांगतो. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी केंब्रिजमध्ये जेफ्रीज यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन केले आणि १९५३ पासून पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग घडवला. मानसशास्त्रात या विचाराला व्यापक वापर मिळायला मात्र संगणक स्वस्त व्हावे लागले. पाचवे घराणे कार्यकारणाचे. मध्यस्थ चलाचे विश्लेषण रूबेन बॅरन आणि डेव्हिड केनी यांच्या १९८६ च्या लेखानंतर घरोघरी पोचले. पण एकाच दिवशी भरून घेतलेल्या तीन प्रश्नावल्यांवरून कारण, मध्यस्थ आणि परिणाम ठरवता येत नाहीत, ही त्याची मर्यादा तितकीशी पोचली नाही.

आज या विषयाचे महत्त्व वाढले आहे त्याला तीन कारणे आहेत. पहिले, मानसशास्त्राच्या विश्वासार्हतेवरच प्रश्नचिन्ह उभे राहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका सामूहिक प्रकल्पात १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निकाल सार्थ होते, पुनरावृत्तीत ३६ टक्क्यांत. याचे एक मूळ जेकब कोहेन यांनी १९६२ सालीच दाखवले होते: त्यांनी तपासलेल्या संशोधनांत मध्यम आकाराचा परिणाम सापडण्याची शक्यता सरासरी निम्म्यापेक्षाही किंचित कमी होती. दोन गटांच्या तुलनेत असा परिणाम ८० टक्के खात्रीने पकडायला दर गटात ६४ माणसे लागतात. सोयीने जमवलेल्या तीस-तीस विद्यार्थ्यांवर ते काम होत नाही. नमुना लहान, विश्लेषणाचे पर्याय अनेक आणि छापून येतात ते सार्थ निकालच, असे झाले की निष्कर्ष फुगतात.

दुसरे कारण भारतातल्या माहितीचे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात उत्तर प्रदेशासह १२ राज्ये होती. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांमध्ये त्या वेळी मानसिक विकार आढळला. अशी सर्वेक्षणे टप्प्याटप्प्याने जिल्हे, वस्त्या आणि कुटुंबे निवडून होतात. त्यांचे आकडे भारांकन आणि नमुन्याची रचना ध्यानात न घेता साध्या सरासरीत कोंबले तर धोरणाला चुकीचा आधार मिळतो. तिसरे कारण शिक्षणातले. पीएच.डी.साठी संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम बंधनकारक झाला आहे आणि चार वर्षांच्या पदवीत संशोधनाला जागा मिळाली आहे. आर, जमोवी आणि जास्प या प्रणाली फुकट मिळतात. साधन महाग असल्याची सबब उरली नाही, पण विचार न करता बटण दाबण्याची सोयही तितकीच वाढली.

या पुस्तकाची आखणी याच परिस्थितीतून झाली आहे. ते पद्धतींच्या नावांनी चालत नाही, अडचणींच्या क्रमाने चालते. आधी मोजमापातली चूक, मग गुंतलेली मोजमापे, मग एकत्र राहणारी माणसे आणि शेवटी काळ व कारण. प्रत्येक ठिकाणी साधी पद्धत कुठे तोकडी पडते ते आधी दाखवले आहे, कारण ते कळल्यावरच पुढच्या पद्धतीची गरज पटते. वाचकाला सहसंबंध, साधे रिग्रेशन आणि विचरण विश्लेषण येते असे धरले आहे. मॅट्रिक्सचे गणित लागेल तेवढेच आणि लागेल तिथेच आहे. सरावासाठी दिलेली माहिती संगणकावर तयार केलेली आहे. खरी उत्तरे आधीपासून ठाऊक असल्याने पद्धत कुठे चुकते ते वाचकाला पडताळून पाहता येते. उदाहरणांची रचना मात्र लखनौच्या मोहल्ल्यांसारख्या आणि महाराष्ट्रातल्या शाळांसारख्या ओळखीच्या परिस्थितींवर बेतलेली आहे. यांत्रिक शिक्षण, मेंदूच्या प्रतिमांचे विश्लेषण आणि मजकुराचे संगणकीय विश्लेषण हे विषय स्वतंत्र पुस्तकांचे असल्याने येथे घेतलेले नाहीत.

पारिभाषिक शब्दांबाबत मराठीत रुळलेले तेवढे मराठी आणि प्रयोगशाळेत बोलले जाणारे इंग्रजी शब्द देवनागरीत, असे धोरण ठेवले आहे. पुस्तक संपवून कोणतेही विश्लेषण एकट्याने करता येईल असा दावा नाही. अवघड ठिकाणी संख्याशास्त्रज्ञाची मदत घ्यावीच. पण ती मदत प्रश्नावल्या छापण्याआधी घ्यावी, आणि नमुना कसा निवडणार, स्केल कोणत्या भाषेत देणार, एका घरातून किती माणसे घेणार, गळणाऱ्यांचे काय करणार आणि कोणता निकाल आला तर परिकल्पना सोडून देणार, हे लिहून घेऊन जावे. तेवढे लिहिता आले तर या पुस्तकाचा हेतू साधला.